तीन टिक

ओम्नीची मागची सीट रात्रीच काढून ठेवली.
पहाटे पंख आत गेले,
एक गोधडीत, एक इरण्णाच्या लुंगीत.
धड मधोमध आडवं : शेपूट मागच्या काचेला,
नाक गिअरच्या दांड्याला टेकलेलं.
प्रत्येक गिअर मी त्याला विचारून बदलला.
हिंडलग्याच्या वळणावर इरण्णा म्हणाला,
"सावकाश की, पेशंट हाय आत."

बेळगुंदीचा माळ. खाली भात कापून झालेलं.
जांभ्यावरचे खडे वेचून वेचून
आठ रविवारांत केलेली शंभर पावलांची पट्टी.
कडेच्या रताळ्यांत एक बाई वाकलेली,
तिनं काही मान वर केली नाही.

रंगावरून दोन आठवडे गेले होते.
लाल-पिवळा म्हटलं तर माझा भाऊ बोलणार,
भगवा म्हटलं तर त्याचा.
शेवटी वर पांढरा,
पोटाला काळे चौकोन,
उलटंसुलटं कळण्यापुरते.

कार्बनची नळी धडातून आरपार घातली,
तिच्यावर पंख सरकवला.
उद्यमबागेत तीस वर्षं बोअर मारले मी,
बसणं म्हणजे काय ते अंगठ्याला कळतं.
जोर लावावा लागला, चुकलं.
सुळकन गेलं, तरी चुकलं.
हा गेला थांबत थांबत,
नव्या सोयऱ्यानं पंगतीत सरकावं तसा.

दोघांनी दोन बाजूंनी बोटांवर तोललं.
नाक जरा जड.
"असू दे," इरण्णा म्हणाला, "पहिल्या दिवशी जडच बरं."

मग तो शेपटीमागं उभा राहिला.
"उजवं दे."
दिलं.
"परत दे."
दिलं.
"भावकू, थांब."
उजवं म्हटलं की उजव्या पंखाचं पान
वर उठायचं सोडून खाली वाकत होतं.
महिनाभर टेबलावर मी ते समोरून बघत आलो होतो,
नाकाकडून,
आरशात बघून दाढी करावी तसं,
आणि दर वेळी स्वतःला म्हणालो होतो, बरोबर.

रिमोटमध्ये एक खूण बदलली. सुलटं झालं.
एवढंच काम.
थर्मासातला चहा दोघांनी घेतला,
कुणी काही बोललं नाही.
कप ठेवताना माझा जरा सांडला.

चामड्याचा मोजा. चोक. एक फटका, दोन,
चौथ्याला शिंकलं,
सहाव्याला धरलं.
इरण्णानं शेपूट मांडीत आवळलेली,
धुळीनं त्याच्या भुवया तांबड्या झालेल्या,
मग त्यानं सोडलं.

पट्टी शंभर पावलांची,
त्याला वीससुद्धा लागली नाहीत.
मी सांगायच्या आधी चाकं जमिनीवर नव्हती.
माझा उजवा गुडघा एकटाच हलत होता,
शिलाई मशीनवर पाय असावा तसा.

"डावीकडं झुकतंय."
"टिक मार."
मारला.
"वंदु," इरण्णा म्हणाला.
अजून झुकत होतं.
"यरडु."
तिसऱ्याला तो मूरु म्हणाला का तीन,
आता आठवत नाही.
"हात सोड," एवढं आठवतं.

काड्यांवरून बोटं उचलली.
बारा किलो लाकूड आणि पेट्रोल
राकसकोपच्या बाजूला सरळ चाललेलं,
कुणी धरलेलं नव्हतं.

गिरक्या, उलटी भरारी, शेपटीवर उभं राहणं,
ज्याच्यासाठी एवढं मोठं घेतलं
त्यातलं आज काही केलं नाही.
चार फेऱ्या मारल्या.
पाचवीला उतरवलं, दोन उड्या घेऊन,
दुसरी जरा मोठीच.

रताळ्यातली बाई आता पट्टीवर आली होती.
वाकून तिनं काचेच्या आत बघितलं.
"ह्यात माणूस बसत न्हाई व्हय?"
"नाही, मावशी."
"मग एवढं घाम फुटाय काय झालं तुमाला?"

इरण्णानं तिला रताळ्याचा भाव विचारला.